अदृश्य नेढें

सुईच्या नेढ्यांतून दोरा ओवण्याचें काम घरोघर चालतें. दोरा जाड असला तर तो नेढ्यांत शिरत नाहीं. बारीक असला तर सहज पार होतो. मध्येंच गांठ आली तर अडतो. ओवणाऱ्यानें डोळे मिटून घेतले, तरी नेढ्यापाशीं दोरा कसा सरकतो एवढ्यावरून त्याची जाडी किती आणि त्यावर गांठी कोठें कोठें आहेत, हें त्याच्या बोटांना कळूं शकतें. या साध्या अनुभवासारख्याच एका तत्त्वावर आजच्या जीवशास्त्रांतील एक अत्यंत सूक्ष्म कला उभी राहिली आहे. तींतील नेढें मिलिमीटरच्या दहालक्षांश भागाहून किंचित् मोठें, आणि दोरा म्हणजे सजीवांच्या पेशींत गुंडाळून ठेविलेला डी. एन. ए. चा धागा. या नेढ्यास शास्त्रज्ञांनीं ‘नॅनोपोअर’ असें नांव दिलें आहे. मराठींत त्यास अतिसूक्ष्म छिद्र म्हणावें.

एवढ्या लहान छिद्राचा उपयोग काय, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचें उत्तर रोग्याच्या खाटेपाशीं मिळतें. रक्तांत कोणता जंतु शिरला आहे, नुकत्याच जन्मलेल्या बालकास वारंवार झटके कां येतात, एका गांवांतील साथ दुसऱ्या गांवांतून आली कीं तेथेंच दबून राहिली होती, या प्रश्नांचीं उत्तरें पुष्कळदां अशा धाग्यांवर लिहिलेलीं असतात. डी. एन. ए. च्या लिपींत अक्षरें अवघीं चार: ऍडेनीन, ग्वानीन, सायटोसीन आणि थायमीन. मनुष्याच्या जनुकांच्या एका संचांत हीं चार अक्षरें मिळून सुमारें तीनशें कोटी वेळां येतात. तो संच वाचण्याचा आंतरराष्ट्रीय उद्योग १९९० सालीं सुरू झाला आणि २००३ सालीं पुरा झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. अनेक देशांच्या मोठमोठ्या प्रयोगशाळा तेरा वर्षें त्या कामांत गुंतल्या होत्या. परंतु अत्यवस्थ रोगी तेरा वर्षें थांबत नाहीं, आणि साथ तर तेरा दिवसही थांबत नाहीं. हें वाचन जलद व्हावें, स्वस्त व्हावें आणि रोगी जेथें आहे तेथें करतां यावें, ही निकड अशा रीतीनें निर्माण झाली. सूक्ष्म छिद्राची कथा ही त्या निकडीची कथा आहे.

तिचें मूळ तत्त्व मात्र नवें नाहीं. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत रक्तांतील पेशी मोजावयाच्या म्हणजे सूक्ष्मदर्शकाशीं डोळा लावून एकेक पेशी गणावी लागे. काम कंटाळवाणें, आणि दोन माणसांची गणती क्वचितच जुळे. शिकागो येथील वॉलेस कूल्टर या विद्युत्-तंत्रज्ञानें यावर एक युक्ति काढली. मिठाच्या पाण्याच्या दोन कप्प्यांमध्यें एक बारीक भोंक ठेवून त्यांतून विजेचा प्रवाह सोडला, तर भोंकांतून एखादी पेशी जातांना तिच्या आकारमानाएवढें पाणी बाजूस सारलें जातें आणि तेवढ्या क्षणापुरता प्रवाह कमी होतो. पाटाच्या अरुंद दारांतून लाकडाचा ओंडका वाहत जातांना पाण्याचा लोंढा क्षणभर मंदावतो, तसाच हा प्रकार. प्रवाह किती वेळां मंदावला हें मोजलें कीं पेशींची संख्या कळते. किती मंदावला हें पाहिलें कीं त्यांचें आकारमान कळतें. प्रारंभींचें भोंक सेलोफेनच्या तुकड्यास तापलेल्या सुईनें पाडलेलें होतें, असें सांगतात. या युक्तीच्या पेटंटसाठीं कूल्टर यांनीं १९४९ सालीं अर्ज केला आणि १९५३ सालीं तें त्यांना मिळालें. आजही शहरोशहरच्या रक्ततपासणी प्रयोगशाळांत हेंच तत्त्व राबत असतें.

मग हीच युक्ति पेशीऐवजीं डी. एन. ए. च्या धाग्यास कां लावूं नये? अडचण आकाराची होती. रक्तांतील तांबड्या पेशीच्या रुंदीहून हा धागा सुमारें साडेतीन हजार पटींनीं बारीक. त्याच्या मापाचें भोंक पाडील अशी सुई माणसाच्या कारखान्यांत नव्हती. परंतु निसर्गाच्या कारखान्यांत ती होती. प्रत्येक सजीव पेशीभोंवतीं स्निग्ध द्रव्याचा एक पातळ पापुद्रा असतो, आणि त्यांत प्रथिनांचीं लहान लहान दारें बसविलेलीं असतात. त्यांतून क्षारांचे विद्युद्भारित कण आंतबाहेर करतात. जर्मनींतील एर्विन नेहेर आणि बेर्ट झाकमान या दोघांनीं १९७६ सालीं असल्या एकट्या दारांतून जाणारा प्रवाह मोजून दाखविला. १९९१ चें नोबेल पारितोषिक त्यांना या कामाबद्दल मिळालें. एक दार, त्यांतून जाणारा अत्यल्प प्रवाह, आणि तो मोजण्याची हातोटी, एवढें साहित्य अशा रीतीनें सिद्ध झालें.

१९८९ च्या जून महिन्यांत कॅलिफोर्नियांतील डेव्हिड डीमर यांना प्रवासांत मोटार चालवीत असतांना एक कल्पना सुचली. ती त्यांनीं आपल्या टांचणवहींत आकृति काढून नोंदून ठेविली. पापुद्र्यानें मिठाचें पाणी दोन भागांत वांटावें. पापुद्र्यांत प्रथिनाचें एकच छिद्र बसवावें आणि दोन्हीं बाजूंमध्यें विजेचा दाब ठेवावा. डी. एन. ए. वर ऋण विद्युद्भार असतो, म्हणून तो धन बाजूकडे ओढला जाऊन छिद्रांत शिरेल. शिरलेला धागा क्षारकणांची वाट अडवील आणि प्रवाह घटेल. चार अक्षरांचे आकार निरनिराळे असल्यामुळें ही घटही प्रत्येक अक्षरागणिक निराळी असावी. तसें असेल तर प्रवाहाचे चढउतार टिपले कीं धाग्यावरील मजकूर वाचतां येईल. हार्वर्ड विद्यापीठांतील डॅनिअल ब्रँटन आणि जॉर्ज चर्च हेही याच दिशेनें विचार करूं लागले होते. पुढें हे प्रयत्न एकत्र आले.

प्रयोगासाठीं जें छिद्र निवडलें तें मोठें चमत्कारिक होतें. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नांवाचा एक जंतु गळवें व जखमांतील पू उत्पन्न करतो. त्याचें एक विष असें आहे कीं, त्याचे सात रेणु एकत्र येऊन छत्रीसारखी आकृति बनवितात आणि तिचा दांडा रक्तपेशीच्या पापुद्र्यांत घुसवून तिला भोंक पाडतात. अल्फा हिमोलायसीन हें त्याचें नांव. या भोंकाची सर्वांत अरुंद जागा १.४ नॅनोमीटर रुंद. मनुष्याच्या केसाच्या जाडीचे सुमारें पन्नास हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढी! डी. एन. ए. चा दुपेडी गोफ तींतून जाऊं शकत नाहीं. उलगडलेला एकेरी पदर मात्र जातो. रक्तपेशींचा जीव घेणारें हें हत्यार रोगनिदानाचें साधन होऊं घातलें होतें.

१९९६ सालीं मेरीलँडमधील राष्ट्रीय प्रमाण-संस्थेंत काम करणारे जॉन कॅसिआनोविच, त्यांच्या जोडीला एरिक ब्रँडिन, ब्रँटन आणि डीमर यांनीं आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. छिद्रांतून वाहणारा प्रवाह अँपियरच्या सुमारें एक हजार कोटीव्या भागाएवढा होता. पाण्यांत आर. एन. ए. किंवा डी. एन. ए. चे एकेरी धागे सोडतांच हा प्रवाह क्षणोक्षणीं खुंटूं लागला. धागे जितके लांब, तितका अडथळ्याचा काळ अधिक, हेंही दिसून आलें. धागा खरोखरच छिद्रांतून पलीकडे जातो, कीं तोंडाशीं अडकून मागें फिरतो? ही शंका फेडण्यासाठीं त्यांनीं पलीकडच्या पाण्याची रासायनिक परीक्षा केली, आणि तेथें एकेरी डी. एन. ए. सांपडला. नेढ्यांतून दोरा ओवला गेला होता, यांत संशय उरला नाहीं.

ओवणें साधलें, परंतु वाचणें अद्याप दूर होतें. दोन अडचणी आडव्या आल्या. पहिली वेगाची. धागा छिद्रांतून इतक्या त्वरेनें सुटे कीं एका अक्षराच्या वांट्यास सेकंदाचे कांहीं दहालक्षांश एवढाच काळ येई. तेवढ्या अवधींत अडलेल्या छिद्रांतून जाणारे क्षारकण कांहीं शेंकडेच असत. त्यांच्या संख्येंतील बारीक फरकावरून अक्षर ओळखणें म्हणजे धांवत्या आगगाडींतून रस्त्यावरची पाटी वाचण्याहून कठीण. दुसरी अडचण लिपीची. छिद्राच्या अरुंद भागांत एका वेळीं एकच अक्षर न राहतां शेजारची चार-पांच अक्षरें मिळून प्रवाह अडवितात. म्हणजे यंत्रास सुटें अक्षर दिसत नाहीं, जोडाक्षर दिसतें. आणि चार अक्षरांपासून होणारीं पांच पांच अक्षरांचीं जोडाक्षरें एक हजार चोवीस आहेत.

वेगाला लगाम घालणारें साधन पुन्हा निसर्गाच्याच भांडारांत सांपडलें. फाय-२९ नांवाचा एक विषाणु जंतूंना ग्रासतो. त्याच्याजवळ डी. एन. ए. ची नक्कल करणारें एक विलक्षण चिवट प्रथिन असतें. माद्रिद येथील मार्गारिता सालास या विदुषीनें त्या विषाणूचा आयुष्यभर अभ्यास केला होता. सूक्ष्म छिद्रें तिच्या समोर नव्हतीं. परंतु हें प्रथिन छिद्राच्या तोंडावर बसविलें, तर तें धाग्यास एकेका अक्षराच्या पावलानें पुढें सरकूं देतें, असें आढळून आलें. १९८९ च्या आकृतीनंतर तेवीस वर्षांनीं, म्हणजे २०१२ सालीं, सांताक्रूझ येथील मार्क एकेसन यांच्या मंडळीनें आणि सिएटल येथील येन्स गुंडलाख यांच्या मंडळीनें ही गोष्ट स्वतंत्रपणें सिद्ध केली. गुंडलाख यांनीं छिद्रही बदललें. क्षयाच्या जंतूच्या एका निरुपद्रवी भाऊबंदापासून घेतलेलें त्यांचें छिद्र आंतून अधिक आंखूड व निमुळतें असल्यामुळें त्यांत अक्षरें कमी गर्दी करीत. जोडाक्षरें सोडविण्याचें काम संगणकावर सोंपविण्यांत आलें. मागचें व पुढचें जोडाक्षर ताडून पाहून तो मधलें अक्षर ठरवितो.

ऑक्सफर्ड येथील हेगन बेली यांनीं अशा छिद्रांच्या अभ्यासांतून २००५ सालीं एक व्यवसायसंस्था स्थापिली होती. तिनें घडविलेलें ‘मिनायन’ हें यंत्र २०१४ सालीं निवडक संशोधकांच्या हातीं पडलें. वजन शंभर ग्रॅमहून कमी, आकार तळहातावर मावेल एवढा. तें साध्या संगणकास जोडावें, त्यांत थेंबभर द्रव घालावा, आणि पांचशें बारा छिद्रांचे प्रवाह एकाच वेळीं टिपले जाऊं लागावे, अशी त्याची रचना. पूर्वीच्या वाचनयंत्रांना प्रयोगशाळेचें दालन लागे. हें यंत्र प्रवाशाच्या पेटींत बसूं लागलें.

त्याची खरी कसोटी पुढच्याच वर्षीं लागली. २०१३ च्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेंतील गिनी देशांत ईबोलाची साथ उद्भवली आणि लायबेरिया व सिएरा लिओन या शेजारच्या देशांत पसरली. २०१६ सालीं ती आटोपली तेव्हां अठ्ठावीस हजारांहून अधिक माणसें आजारी पडलीं होतीं आणि अकरा हजारांहून अधिक मरण पावलीं होतीं. साथ ओसरत असतांना एक प्रश्न फार महत्त्वाचा होता. नवा रोगी आढळला, तर त्यास रोग कोणाकडून झाला? त्याचा संबंध ज्ञात रोग्यांच्या सांखळीशीं जुळला, तर त्याच्या सान्निध्यांत आलेल्या माणसांवर नजर ठेवतां येते. जुळला नाहीं, तर कोठें तरी एक अज्ञात सांखळी गुप्तपणें चालूं आहे आणि तिच्यांतील माणसें नकळत इतरांना रोग देत आहेत, असें समजावें लागतें. ईबोलाच्या विषाणूचा मजकूर सुमारें एकोणीस हजार अक्षरांचा. तो एका माणसांतून दुसऱ्यांत जातांना क्वचित् एखादें अक्षर बदलतें. हस्तलिखिताच्या नकलांत एकाच ठिकाणीं तीच चूक दिसली म्हणजे त्या एकाच मूळ प्रतीवरून झाल्या असें पंडित ओळखतात. विषाणूचें कुलवृत्तही तसेंच लावतां येतें.

बर्मिंगहॅम विद्यापीठांतील जोशुआ क्विक आणि निकोलस लोमन यांनीं यासाठीं एक प्रवासी प्रयोगशाळाच बांधली. विमानप्रवासाच्या साध्या सामानांतून नेतां येईल असें पन्नास किलोग्रॅमहून कमी वजनाचें साहित्य घेऊन क्विक २०१५ च्या एप्रिलमध्यें गिनींत उतरले. वीज वारंवार जाई, इंटरनेट मंद चाले. तरीही त्या वर्षीं मिळून एकशें बेचाळीस रोग्यांच्या नमुन्यांतील विषाणूंचें वाचन झालें. नमुना हातीं आल्यापासून चोवीस तासांच्या आंत निष्कर्ष देतां येऊं लागले, आणि त्यांतील प्रत्यक्ष वाचनास कित्येकदां तासाहूनही कमी वेळ पुरे. गिनी आणि सिएरा लिओन यांच्या सीमेवरून विषाणु पुन्हा पुन्हा ये-जा करीत असल्याचें त्या वाचनांतून दिसलें. पूर्वीं नमुने परदेशीं पाठवून उत्तराची वाट पाहावी लागे; उत्तर येई तोंवर साथ पुढें गेलेली असे. आतां उत्तर साथीच्या बरोबरीनें चालूं लागलें.

एकेका रोग्याच्या बाबतींतही हीच त्वरा उपयोगी पडली. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत युआन ॲशली यांच्या मंडळीनें निदान न झालेल्या बारा अत्यवस्थ रोग्यांच्या संपूर्ण जनुकसंचाचें वाचन केलें. तेथें एका रोग्याचा डी. एन. ए. अठ्ठेचाळीस छिद्रपट्टिकांवर एकाच वेळीं वांटून घालण्यांत येई. २०२२ च्या जानेवारींत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तान्ताप्रमाणें बारांपैकीं पांच रोग्यांच्या आजाराचें आनुवंशिक कारण सांपडलें, आणि सर्वांत जलद निदानास अवघे सात तास अठरा मिनिटें लागलीं. ज्या कामास एके काळीं तेरा वर्षें लागलीं, त्याच जातीचें काम एका दिवसपाळींत उरकलें.

या पद्धतीचा आणखी एक गुण आहे. इतर बहुतेक पद्धतींत धाग्याचे लहान तुकडे करून त्यांच्या नकला वाचतात. सूक्ष्म छिद्र मूळ धागाच वाचूं शकतें, आणि तो कितीही लांब असला तरी चालतो. २०१८ सालीं आठ लाखांहून अधिक अक्षरांचा एक अखंड धागा वाचल्याची नोंद झाली. ज्या भागांत तोच तोच मजकूर पुन्हा पुन्हा येतो, ते भाग लहान तुकड्यांवरून जुळवितां येत नाहींत. त्यामुळेंच २००३ चा मानवी जनुकसंच पुष्कळ ठिकाणीं कोरा राहिला होता. लांब धागे वाचणाऱ्या नव्या पद्धतींच्या साहाय्यानें २०२२ सालीं तो भरून निघाला, आणि त्या साहाय्यांत सूक्ष्म छिद्रांचा वांटा मोठा होता. शिवाय मूळ धाग्यावर कांहीं अक्षरांना रासायनिक खुणा चिकटलेल्या असतात. अक्षर तेंच, पण त्यावर अनुस्वार दिला कीं उच्चार पालटतो, तसें या खुणांनीं जनुकाचें वागणें पालटतें. नक्कल करतांना हे अनुस्वार गळून पडतात. छिद्रांतून जाणाऱ्या मूळ धाग्यावर ते प्रवाहाच्या फरकानें ओळखतां येतात.

आतां प्रथिनांची पाळी आहे. तेथील लिपि वीस अक्षरांची, धाग्याच्या नाना घड्या पडलेल्या, आणि विद्युद्भार अनियमित, त्यामुळें काम फार बिकट. तरी २०२१ सालीं हॉलंडमधील डेल्फ्ट येथील सीस डेकर यांच्या प्रयोगशाळेनें प्रथिनाच्या एका लहान तुकड्यास डी. एन. ए. चें शेपूट जोडून तो छिद्रांतून पावलापावलानें ओढला, तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचला, आणि वीसांपैकीं एक अक्षर बदललें तरी तो फरक ओळखून दाखविला. अनोळखी प्रथिन पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणें याहून पुष्कळ कठीण आहे.

या विद्येचे दोषही सांगितले पाहिजेत. प्रारंभींच्या यंत्रांत दहा अक्षरांमागें एक-दोन, कधीं त्याहूनही अधिक चुका होत. विशेषतः एकच अक्षर ओळीनें आठ-दहा वेळां आलें कीं प्रवाह बदलतच नाहीं आणि मोजणी चुकते. दोन अरुंद जागा असलेलें छिद्र वापरून हा दोष बराच कमी करण्यांत आला, आणि आतां शंभरांत नव्व्याण्णवांच्या वर अक्षरें बरोबर येतात. परंतु तीनशें कोटींच्या ग्रंथांत शेंकडा एक चूक म्हणजे तीन कोटी चुका. म्हणून तोच मजकूर अनेक धाग्यांवरून वाचून पडताळून घ्यावा लागतो. घाईच्या निदानांत हा पडताळा टाळण्याचा मोह घातक ठरेल.

याहून मोठी गोष्ट ही कीं, वाचणें म्हणजे समजणें नव्हे. स्टॅनफर्डच्या बारा रोग्यांपैकीं सात जणांचे ग्रंथ तितक्याच काळजीनें वाचले गेले, पण त्यांतून आजाराचें कारण उलगडलें नाहीं. आणि ज्यांचें कारण उलगडतें, त्यांच्या प्रत्येक रोगावर औषध असतेंच असें नाहीं. शिवाय एका माणसाचा हा ग्रंथ त्याच्या एकट्याचा नसतो. त्याचे आईबाप, भावंडें व मुलें यांच्या देहांतील गुपितेंही त्यांत अंशतः लिहिलेलीं असतात. दालनभर यंत्रें लागत होतीं तोंवर असलें वाचन चोरून होणें अशक्यप्राय होतें. तळहाताएवढ्या यंत्राच्या युगांत तें कोणी, कोणाच्या संमतीनें आणि कशासाठीं करावें, हें समाजानें वेळींच ठरविलें पाहिजे. रक्ताच्या एका थेंबासाठीं जेव्हां रोग्याची किंवा त्याच्या आप्तांची सही मागितली जाईल, तेव्हां त्या सहीनें काय काय वाचलें जाणार आहे, आणि वाचलेलें कोणाजवळ राहणार आहे, हे दोन प्रश्न प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें अवश्य विचारावे.